देवघरातला राउटर

लेक लग्न होऊन कॅनडात गेली, त्या वर्षी आमच्या घरात ब्रॉडबँड आलं. केबलवाला वायरचं भेंडोळं खांद्यावर घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "सर, डबा कुठं लावायचा?" मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. मी त्याला घराचा नकाशा समजावून सांगू लागलो, की मधोमध लावला तर चारी दिशांना सारखं पोचेल. तेवढ्यात बायको आतून आली आणि म्हणाली, "देवघरात लावा."

तिची कारणं तयार होती. देवघरात कुणी चप्पल घालून जात नाही. तिथं धूळ नसते, कारण ती रोज पुसते. देवापुढच्या विजेच्या समईसाठी तिथं प्लग आहे आणि तो इन्व्हर्टरवर आहे. शिवाय ह्या डब्यालाही रात्रंदिवस दिवा असतो, तेव्हा त्याची जागा तीच.

"अगं, देवघर कोपऱ्यात आहे," मी म्हणालो. "मध्ये भिंती आहेत. बाहेरच्या खोलीपर्यंत नेट यायचं नाही."

"देव कोपऱ्यात बसूनच पोचतो ना सगळीकडं? मग ह्यालाच काय धाड भरली?"

केबलवाला हसला आणि त्यानं ड्रिल मशीन देवघराच्या भिंतीला लावलं.

व्हायचं तेच झालं. स्वयंपाकघरात नेट भरभरून, मधल्या खोलीत निम्मं आणि बाहेरच्या बैठकीत त्याच्या मर्जीप्रमाणे. खिडकीपाशी माझी वाचायची खुर्ची आहे, तिथं ते कधीच आलं नाही. माझं त्यावाचून काही अडलंही नाही. दसऱ्याला बायको विळा, पाटा, मिक्सर आणि माझ्या पेनांबरोबर राउटरलाही हळदकुंकू लावायची आणि त्याच्या दोन शिंगांना झेंडू अडकवायची. केबलवाला एकदा काही बघायला आला तेव्हा म्हणाला, "मावशी, कुकू वरनं लावा, पण त्या भोकांत जाऊ देऊ नका. मागल्या टायमाला तुमच्या नेटातून गुलाल निघाला."

आमच्या युसूफ वडगावात नेट मंद झालं की माणसं कारण शोधत बसत नाहीत. कारणं ठरलेली आहेत. हंगाम सुरू झाला की कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या इतक्या उंच भरलेल्या असतात, की वरचा ऊस खांबाखांबावर लोंबणारी वायर ओढत नेतो. हंगाम नसेल तेव्हा माकडं असतात. दोन्ही नसेल तेव्हा "वरूनच बंद हाय" असतं. हे वर म्हणजे कुठं, ते मला आजवर कळलेलं नाही. बाकीच्या गावासारखाच मीही ते ऐकून पुस्तकात डोकं घालायचो.

गेल्या पौषात बायको गेली. सकाळी पूजा केली, दुपारी छातीत दुखतंय म्हणाली आणि केजच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. ह्याहून जास्त मला अजून लिहिता येत नाही, तेव्हा पुढं जातो.

लेकीला नववा महिना लागला होता. विमानात कुणी घेतलं नसतं आणि जावईबापूंनी सोडलंही नसतं. फोनवर ती रडली नाही. तिनं एकच गोष्ट मागितली.

"बाबा, मला रोज संध्याकाळी बसायला यायचंय."

आमच्याकडं घरातलं माणूस गेलं की दहा दिवस संध्याकाळी गल्लीतल्या, भावकीतल्या बायका बसायला येतात. बसायला येणं म्हणजे नुसतं बसणं. सतरंजीवर भिंतीला टेकून, पदर पुढं घेऊन. गेलेल्या माणसाची गोष्ट निघाली तर निघाली. चहा विचारायचा नसतो, आणि उठताना "येते" म्हणायचं नसतं. गुपचूप उठायचं आणि चालू लागायचं. लेकीला माहीत होतं, की तिच्या आईसाठी गल्ली रोज जमणार. त्या सतरंजीवर आपली जागा असावी, एवढंच तिला हवं होतं. तिकडं तेव्हा पहाट असायची, बर्फातली. ती म्हणाली, मी गजर लावून उठेन.

माझे दादा आणि वहिनी आष्टीहून आले होते. दादा मोठे, आणि वहिनी त्यांच्याहून मोठ्या वाटणाऱ्या. सगळं घर त्यांनी हातात घेतलं. पहिल्याच दिवशी त्या देवघरात गेल्या. सुतकात पूजा नाही, देवाला हात नाही, म्हणून आमच्याकडं देव झाकून ठेवतात. झाकायला काहीतरी धड कापड हवं. मास्तरच्या घरात शालींना तोटा नसतो. माझ्या निरोपसमारंभात मिळालेली त्यातली सगळ्यात जाड, लोकरीची शाल वहिनींनी काढली आणि अख्ख्या देव्हाऱ्यावरून पांघरली, दोन्ही बाजू खोचल्या. "आता दहा दिवस इकडं कुणी फिरकायचं न्हाई," त्यांनी जाहीर केलं.

संध्याकाळी बायका जमल्या. वहिनींनी सतरंजीवर भिंतीशी एक पाट ठेवला, पाटावर पितळी डबा आणि डब्याला टेकून माझा मोबाईल. दोन बायकांच्या मध्ये, अगदी ओळीत. लेक दिसली. डोक्यावर ओढणी घेऊन बसली होती. तिनं तोंड उघडलं आणि ती तशीच राहिली.

समोरच्या गल्लीतल्या एक म्हाताऱ्या आत्याबाई आहेत, त्यांना दिसतं कमी. त्या सरकत मोबाईलपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "रडू नको माय. असं तोंड वासून रडू नको. पोटातल्या जिवाला तरास व्हतो."

मोबाईलमधून काहीच उत्तर नाही. आत्याबाईंनी आणखी समजावलं. माझ्या बायकोचा स्वभाव सांगितला, एका दिवाळीच्या अनारशांची गोष्ट सांगितली. गोष्ट संपत आली तेव्हा मोबाईलमधून एकदम आवाज आला, "आवाज येतोय का? दिसतंय का माझं?"

"दिसतंय गं माय, दिसतंय की," आत्याबाई गहिवरल्या.

तोवर चित्र पुन्हा थांबलं होतं. ह्या वेळी डोळे मिटलेले. एक बाई हळूच म्हणाली, "झोप लागली वाटतं लेकराला."

असं रोज होऊ लागलं. लेकीचं बोलणं तुकड्यातुकड्यांनी यायचं आणि उशिरा यायचं. बायका एक विचारायच्या आणि तिचं उत्तर आधीच्या प्रश्नाला असायचं. "जेवली का?" ह्याला "बर्फ पडतोय" आणि "डॉक्टर काय म्हंतोय?" ह्याला "हो, वरणभात." दुखवट्याच्या घरात एरवी शांतता असते. आमच्याकडं सगळी सतरंजी मोबाईलकडं तोंड करून ओरडत होती, "आलं का? आता आलं का?" मग लेक मधेच नाहीशी व्हायची. बसायला आलेल्यानं सांगून जायचं नसतं. तेवढ्यापुरतं आमचं नेट रीतीला धरून होतं.

मला हसू यायचं आणि हसू आलं म्हणून कसंतरी व्हायचं. पण तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी, चित्र जायच्या आधी, मला तिचं तोंड नीट दिसलं. ती कुणाशी बोलत नव्हती. नुसती ह्या खोलीकडं बघायची धडपड करत होती. खिडकीच्या काचेवर दव साचल्यावर लहान मूल बघतं तसं.

दादांनी मनावर घेतलं. मोबाईलचं स्वतःचं नेट लावून बघितलं. संध्याकाळी अख्खं गाव त्यावर असतं, त्यामुळं ते फक्त गच्चीवर आणि तेही पाण्याच्या टाकीपाशी चालायचं. दादा म्हणाले, "मग समदे गच्चीवर बसू."

वहिनींनी त्यांच्याकडं असं बघितलं, की ते आपसूक खाली आले. "दुखवट्याला गच्चीवर बसत्यात का? पतंग उडवायचीय का तुमाला?"

मग मोबाईल स्वयंपाकघरात नेला. तिथं नेट भरभरून असायचं हे मला ठाऊक होतं. तिथंही तेच. तेव्हा केबलवाल्याला बोलावलं. तो लगेच आला, चौकटीपाशी हात जोडून उभा राहिला. "मावशी लई चांगल्या व्हत्या, सर." मग खांबावर चढला, वायर बघितली, मीटरसारखं काहीतरी लावलं. "लाईन ओके हाय."

"मग कावून चालंना?" दादा.

"डबा बघावा लागंल. देवघरात हाय ना?"

वहिनी देवघराच्या दारात आडव्याच उभ्या राहिल्या. "आत न्हाई जायचं."

"मावशी, एकदा बंद करून चालू करायचं हाय फक्त."

"दहाव्यानंतर ये."

केबलवाल्यानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. सुतकात मला त्या घरात मत नव्हतं, आणि खरं तर एरवीही नसायचं. तो गेला.

त्याच दिवशी दुपारी, तिकडं मध्यरात्र उलटलेली असताना, लेकीनं साधा फोन केला, नेटवरचा नाही, नुसत्या आवाजाचा. मी तिला सगळं सांगितलं. केबलवाला येऊन गेला, लाईन ठीक आहे, उसाची ट्रॉली नाही, माकडं नाहीत, कळत नाही बघ.

"बाबा, आईनंतर कुणी राउटर बंद-चालू केलाय का?"

"नाही. का?"

"आई रोज करायची. मीच सांगितलं होतं तिला. नाहीतर तो मंद पडतो. पूजा झाली की बटण बंद करायची, हात जोडायची, तेवढ्यात होऊन जायचं. मग चालू करून मला फोन लावायची. फोन समईला टेकवून ठेवायची."

मी फोन कानाला लावून तसाच उभा राहिलो. सकाळी मी बाहेर पेपर वाचत बसायचो आणि आतून बायकोचं पुटपुटणं ऐकू यायचं. अलीकडं तिची पूजा बरीच लांबत चालली होती. मला वाटायचं, वय झालं की माणूस स्तोत्रं वाढवतं. एकदा तर मी म्हणालोही होतो, "देवाला जरा उसंत दे." ती म्हणाली होती, "देवाला आवडतं." दोघी तासभर भाजीचं, बाळंतविड्याचं, माझ्या खोकल्याचं बोलत असणार. सबंध घरात नेट सगळ्यात चांगलं जिथं चालायचं, तिथं बसून. मी ज्याला चूक समजत होतो ती जागा तिनं किती नेमकी निवडली होती!

"बाबा? आवाज येतोय का?" लेक म्हणाली.

"येतोय."

"मग करा ना बंद-चालू."

मी तिला सुतकाचं सांगितलं. देव झाकलेत, आम्हा सगळ्यांना दहा दिवस. फोनवरचं बोलणं वहिनींच्याही कानावर पडत होतं. लेक म्हणाली, "मोठ्या आईला विचारा, मला किती दिवसांचं?"

वहिनींनी फोन हातात घेतला. "तुला तीन दिवसांचं. लगीन झालेल्या लेकीला तीनच. तुझं फिटलं की."

"म्हणजे मला देवघरात जाता येतं?"

"तुला येतं."

"मग मी सांगते, बटण बंद करा."

वहिनींनी वळून देवघराकडं बघितलं. अख्ख्या घरात देवघराला शिवायची मुभा एकाच माणसाला होती, आणि ते माणूस समुद्रापार बर्फात बसलेलं. आणि आम्ही सगळे चार पावलांवर, पण हात बांधलेले. दादा म्हणाले, "हे तर अवघडच झालं." मला मात्र लेकीचा अभिमान वाटला. शास्त्राच्या पुस्तकात तिनं बरोबर तिचं पान काढलं होतं.

वहिनी अंगणात गेल्या आणि कुंपणावरून हाक मारली, "अगं ए, जरा ये बरं इकडं."

आमच्या शेजारी भाभी राहतात. त्यांच्या मालकांचा बसस्टँडपाशी फळांचा गाडा आहे. भाभींचं आणि माझ्या बायकोचं बोलणं त्या कुंपणावरच व्हायचं, पापड वाळत घालताना, धुणं टाकताना. गेल्या चार दिवसांत आमच्या घरात पोटात गेलेली केळी सगळी त्यांच्याकडची. त्या ओल्या हातानं आल्या. वहिनींनी काम सांगितलं तशा दोन पावलं मागं सरकल्या.

"मी? देवाच्या तिथं? नको वैनी. कुणी काय म्हनंल."

"म्हननारी मीच हाय इथं. तुला सुतक न्हाई, आन देव झाकलेत. तुला देवाला न्हाई, डब्याला हात लावायचाय."

"तरी पन..."

"हे बघ, ही तिकडून सांगती. तिचं फिटलंय. तू तिचा हात हाईस, आसं समज. मग तर झालं?"

फोनमधून लेक म्हणाली, "चाची, करा ना माझ्यासाठी."

भाभींनी हात पदराला पुसले, पुन्हा एकदा धुऊन आल्या, पदर डोक्यावरून घट्ट घेतला आणि आत गेल्या. आम्ही दाराबाहेर उभे, परीक्षेच्या वर्गाबाहेर पालक उभे राहतात तसे. वहिनींनी फोन आत धरला होता.

"उजव्या बाजूला, चाची. शालीचा कोपरा उचला."

भाभींनी कोपरा उचलला आणि झटक्यात हात मागं घेतला. "या अल्ला! वैनी, ह्याच्यावर भाकर भाजंल! लई तापलंय."

"तापलंय? कशानं?"

"कशानं म्हंजे? एवढी जाड शाल पांघरल्यावर तापंल न्हाईतर काय? थंडी वाजत व्हती का ह्याला?"

वहिनींनी शालीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! मीच झाकला की गं. देवाबरोबर ह्यालाबी झाकून ठिवला."

आधी दादांना हसू फुटलं. मग भाभींना, तोंडावर पदर धरून. मग फोनमधून लेकीचं हसू ऐकू आलं, खूप दिवसांनी, आणि तिचं हसू तिच्या आईसारखं आहे हे मला नव्यानं कळलं. चार दिवसांत घरात कुणी हसलं नव्हतं. वहिनी "हसू नका, दुखवटा हाय घरात," असं म्हणत स्वतःच भिंत धरून हसत होत्या. रस्त्यावरून जाणारं एक माणूस थबकून बघून गेलं.

भाभींनी बटण बंद केलं, जरा निवू दिलं आणि पुन्हा चालू केलं. शाल देवांवर तशीच ठेवली, फक्त राउटरवरची बाजू मुडपून वर घेतली. बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. "समईला अजून तेलाचा हात हाय तिचा," एवढंच म्हणाल्या आणि घरी गेल्या. समई विजेची होती. बायको तरीही तिच्यापुढं तेलाची पणती लावायची.

संध्याकाळी पाट, डबा, मोबाईल पुन्हा मांडले. बैठकीतला भरवसा नको म्हणून ह्या वेळी वहिनींनी सतरंजीच मधल्या खोलीत घातली, देवघराच्या भिंतीला लागून. लेक आली. चित्र अडखळलं नाही, थांबलं नाही. तिच्यामागच्या खिडकीत उजाडत असलेलं दिसत होतं. जावईबापू तिच्या पाठीमागं उशी लावून उभे होते, तेसुद्धा दिसले.

कुणाला काही बोलायचं सुचेना. इतके दिवस सगळं बोलणं "दिसतंय का" मध्येच गेलं होतं. आता सगळं दिसत होतं. लेकीनं सावकाश सगळीकडं बघितलं. बायका ओळीनं बसलेल्या. कोपऱ्यात दिवा, पिठावर ठेवलेला. भिंतीवर अजून फोटो नव्हता, तो करायला टाकला होता. स्वयंपाकघराच्या दारात कुणी उभं नव्हतं. ती तिथं बघत राहिली आणि मग रडली. पहिल्यांदाच. आम्हाला वाटत होतं, तिनं ह्या अवस्थेत रडू नये. पण कुणी "रडू नको" म्हटलं नाही, आत्याबाईंनीही नाही. आवाज स्वच्छ येत होता. मी दाराशी बसलो होतो. मलाही मग आवरता आलं नाही, आणि आवरायचं कारणही उरलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "बोला ना तुम्ही. मी बसलेय नुसती."

मग हळूहळू बोलणं सुरू झालं. कुणी माझ्या बायकोनं दिलेल्या ढेमशांच्या बियांचं सांगितलं. कुणाचा दीर ऊसतोडीला गेला होता, त्याचा फोन लागत नव्हता. एकीनं विचारलं, पौषात पापड करतात का. त्यावर दोन मतं पडली आणि बायका तावातावानं वाद घालू लागल्या. लेक ऐकत होती. मधेच तिनंही पापडखाराचं काहीतरी सांगितलं, ते कुणी मनावर घेतलं नाही. ती तिथं आहे हे त्या विसरल्या होत्या, म्हणजे घरातल्या माणसाला विसरतात तशा.

तेवढ्यात भाभी आल्या. गाड्यावरचा माल उतरवून घ्यायला उशीर झाला होता. सतरंजी भरलेली. त्यांनी भिंतीकडं बघितलं, जागा दिसेना, तशा पाटापाशी उभ्या राहिल्या आणि मोबाईलकडं बघून म्हणाल्या, "सरक की गं जराशी."

"या ना चाची, बसा," लेक म्हणाली, आणि कॅनडातल्या आपल्या खाटेवर ती खरोखरच थोडी बाजूला सरकली.

वहिनींनी पाट उचलून हातभर पलीकडं ठेवला. भाभी बसल्या.